‘नव्वद दिवसांत कर्ज साफ’ म्हणणाऱ्याने मला कसं गंडवलं

माझा शाळेच्या गणवेशाचा छोटा कारखाना आहे. सोलापुरात असे गल्लोगल्ली सापडतील, त्यातलाच एक. बारा शिलाई मशीन, एक कटिंगचं टेबल, काजाचं एक मशीन. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळाच बंद पडल्या, मग गणवेश घेणार कोण? जूनचा सीझन लागोपाठ दोन वर्षं बुडाला. शिवून ठेवलेल्या शर्टांचे गठ्ठे माळ्यावर पडून राहिले, आणि शाळा उघडल्या तेव्हा एका मोठ्या शाळेने चौकड्याच बदललेल्या.

कर्ज असं होतं: मशीन तारण ठेवून सहकारी बँकेचे ९ लाख, पतसंस्थेचे ३, क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन मिळून ४, हातउसने २. एकूण १८ लाख. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा जामीन होता. या गोष्टीकडे मी पुढे चार महिने पाहिलंच नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर कापडाच्या दलालाने एका ‘वकीलसाहेबां’चं नाव सांगितलं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. मागे कायद्याच्या लाल पुस्तकांची रांग, खुंटीला काळा कोट. तो कोट त्यांच्या अंगावर मी एकदाही पाहिला नाही, हे आता आठवतं. माणूस बोलायला मोठा गोड. “टेन्शन कशाला घेता ओ? २०१६ चा नवा कायदा आलाय. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज टाकायचा, नव्वद दिवसांत सगळं कर्ज साफ. बँकवाला दारात पाय ठेवणार नाही.”

तेव्हा मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचो. साफ हा शब्द ऐकला आणि पुढचं काही ऐकायचं भान राहिलं नाही.

पहिले पंचवीस हजार रोख दिले. पावती मागितली तर म्हणाले, “फाइल लागली की एकदम देतो.” मग ‘कोर्ट फी’चे पंचवीस आणि ‘रिसीव्हरच्या खर्चा’चे पंधरा (रिसीव्हर म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला माणूस), हे फोनवरून पाठवले. खातं त्यांच्या नावाचं नव्हतं, कुठल्यातरी बाईंचं होतं. विचारलं तर “आमच्या अकाउंटंट आहेत”. वर सही केलेले चार कोरे चेक, ‘बँकेशी तडजोडीसाठी’. आणि तीन सूचना: हप्ते आजपासून बंद, बँकेचे फोन उचलायचे नाहीत, घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकायचं.

घर वाचलं ते माझ्या अकलेने नाही. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव होतं, वारसनोंद आळसाने राहिलेली. आयुष्यात आळस पहिल्यांदाच कामी आला.

महिन्याभराने कोर्टाच्या ‘आदेशा’ची झेरॉक्स मिळाली. गोल शिक्का, खाली वळणदार सही, मजकुरात ‘सर्व वसुलीस स्थगिती’. ती मी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचो. वसुलीवाला आला की उलगडून दाखवायचो. पहिल्या दोघांनी बघून मान हलवली. तिसरा पोरगेला होता, विशीतला. त्याने कागदाचा फोटो काढला आणि म्हणाला, “काका, यावरचा सीएनआर नंबर ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून बघितला का?” प्रत्येक केसला असा सोळा आकडी-अक्षरी नंबर असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्याने माझ्यासमोरच टाकला. केस निघाली, खरीच होती, पण अक्कलकोट तालुक्यातल्या कुणाच्यातरी भूसंपादनाच्या भरपाईची. मला सावध केलं ते वसुलीवाल्याने. माझ्या ‘वकिला’ने नव्हे.

तोवर नव्वद दिवस भरले होते. त्यांचा अर्थ वेगळाच निघाला. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की बँक खातं एनपीए करते, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत टाकते. माझं झालं. पाठोपाठ बँकेची, तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची, साठ दिवसांची नोटीस आली. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यासाठी अर्ज टाकला आणि त्याची नोटीस मेहुण्याच्या घरी पोचली. त्याचा फोन आला. “दाजी, तुम्ही हप्ते भरत नाही हे मला सांगायचं तरी.” एवढंच बोलला.

मग बायकोच्या ओळखीने एका वकील मॅडमकडे गेलो. त्या जिल्हा कोर्टात पंचवीस वर्षं काम करतात. कागद बघायच्या आधीच त्यांनी विचारलं, “जामीनदार कोण?” तो ‘वकीलसाहेब’ चार महिन्यांत हे एकदाही बोलला नव्हता. पुढे तासभर त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो.

२०१६ च्या कायद्यातला माणसांच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. माझ्यासारख्याला सोलापुरात अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहराला त्याहून जुना, १९०९ चा. अर्ज जिल्हा न्यायालयात जातो, सगळ्या सावकारांची (बँकाही त्यात आल्या) आणि मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी लागते, सावकारांना नोटिसा निघतात, न्यायाधीश स्वतः तपासतात. नव्वद दिवसांत काहीही साफ होत नाही. नादार ठरलात की जप्तीतून सूट असलेल्या वस्तू सोडून, म्हणजे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं वगैरे सोडून, बाकीची मालमत्ता रिसीव्हरकडे जाते. मुक्ततेचा हुकूम वेगळा मागावा लागतो. बिगर-तारण कर्जाच्या रुपयाला पन्नास पैसे निघतील एवढीही मालमत्ता उरली नसेल, तर त्यात आपला दोष नव्हता हे कोर्टाला पटवावं लागतं, नाहीतर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. घर बायकोच्या नावावर केलं असतं तर? “अर्जाच्या आधी दोन वर्षांतलं बक्षीसपत्र कोर्ट उलटवू शकतं. आणि लबाडी केली हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं झालं असतं.”

मग त्यांनी माझ्या १८ लाखांच्या कागदावर पेनने रेघा मारल्या. ९ लाखांना मशीन तारण, त्या बँकेचा हात नादारीने अडत नाही. ३ लाखांतून मी सुटलो तरी जामीनदार सुटत नाही, पतसंस्था मेहुण्याला धरणार. उरले ६. “या सहासाठी घराचा हिस्सा रिसीव्हरच्या हाती द्यायचा का, ते घरात बसून ठरवा. मी अर्ज लिहायला तयार आहे, पण लिहा म्हणणार नाही.” फी घेतली दीड हजार, पावतीसकट.

नादारी वाईटच असते असं मी म्हणत नाही. तारण नाही, जामीनदार नाही, घर नाही आणि सगळीकडून जप्त्या, अशा माणसाला तो आधार असू शकतो. माझं गणित बसत नव्हतं, एवढंच. बँकेच्या लेखी परवानगीने सहा मशीन विकली, उरलेल्यावर एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव दिला. पतसंस्थेला नवे हप्ते बांधून घेतले. कार्डवाल्यांशी अजून चर्चा चालू आहे. सिबिलवर, म्हणजे माझ्या कर्जांच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ लागणार, लागू दे.

तुम्ही अशा वळणावर असाल तर वकिलाला सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर विचारा. महाराष्ट्रात तो बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा असतो आणि खरा वकील त्याचा राग मानत नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. 

पोलिसांत तक्रार दिली आहे. पंचवीस हजार रोख दिल्याचा पुरावा काही नाही. चाळीस हजारांच्या फोनवरच्या नोंदी आहेत, पण सगळ्या त्या बाईंच्या नावाच्या. ऑफिसला कुलूप आहे, दारावरची पाटी काढलेली, चार खिळे तेवढे राहिलेत. फेब्रुवारीत एका अनोळखी माणसाने माझा एक चेक १ लाख २० हजारांचा म्हणून बँकेत टाकला. तो परत गेला आणि मला चेक न वटल्याबद्दलची, कलम १३८ ची नोटीस आली. उत्तर मॅडमनी दिलं आहे. बाकीच्या तीन चेकचं पेमेंट थांबवायला मी बँकेला लिहून दिलंय, पण ते आहेत अजून त्या ‘वकिला’कडेच.