स्पेक्ट्रल लोरचा ‘थ्री’: एका माणसाची सत्त्याऐंशी मिनिटं

एकट्याने केलेल्या ब्लॅक मेटल (हेवी मेटलची वेगवान, खरखरीत आवाजाची उपशैली) अल्बमचा दोष बहुतेक वेळा एकच असतो: ‘हे जरा काप’ म्हणणारं कुणी नसतं. अथेन्सच्या आयलॉसचा प्रकल्प स्पेक्ट्रल लोरही त्याला अपवाद नाही. ‘थ्री’ (2014, आय व्हॉइडहँगर रेकॉर्ड्स) दोन डिस्कचा आहे. सात गाणी, सुमारे 87 मिनिटं, आणि बहुतेक गाणी दहा मिनिटांच्या पुढची. तरीही विसंवादी ब्लॅक मेटल ऐकायला सुरुवात कुठून करावी, याचं माझं उत्तर हाच अल्बम.

विसंवादी म्हणजे बेसूर नव्हे, हे आधीच सांगायला हवं. सा आणि कोमल रे एकाच वेळी वाजले की दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, खटकते ती त्यांची जवळीक. 440 हर्ट्झचा स्वर आणि त्याच्या लगतचा 466 हर्ट्झचा स्वर एकत्र वाजले की आवाजात सेकंदाला 26 वेळा चढउतार होतो, आणि कानाला तो खरखरीसारखा जाणवतो. त्यात डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं) आलं की हाच फरक स्वतंत्र गुरगुर होऊन खाली उमटतो. सा-पची जोडी (440 आणि 660) घेतली तर फरक 220 हर्ट्झ, म्हणजे नेमकं एक सप्तक खाली. मेटलमधली पॉवर कॉर्ड, म्हणजे हीच सा-पची जोडी, भरीव वाटते ती त्यामुळे. मंद्रात गिटारच्या सर्वांत जाड तारेवर हाच अर्ध्या स्वराचा खेळ केला (82 आणि 87 हर्ट्झ) तर फरक उरतो जेमतेम पाच हर्ट्झ. मग खरखर जाऊन स्वर हेलकावे खायला लागतो आणि चार गिटार एकावर एक चढवल्या की सगळ्याचा चिखल होतो. या शैलीतले बरेच अल्बम तिथेच बुडतात.

आयलॉस बुडत नाही, कारण तो विसंवाद सोडवतो. खटकणारी जोडी थोडा वेळ ताणून धरायची आणि मग तिच्यातलाच एक स्वर पुढच्या चालीचा आरंभ करायचा, असं त्याचं बांधकाम ऐकू येतं. ‘द कोल्ड मार्च टुवर्ड्स इटर्नल ब्राइटनेस’ एवढ्यासाठीच आधी ऐकावं. अशा लांब, वळणं घेणाऱ्या रचनांना प्रोग्रेसिव्ह म्हणतात आणि तो शब्द इथे सजावटीचा नाही. आठ मिनिटांपूर्वीची चाल पुढे वेगळ्या वेगात परत भेटते आणि ओळख पटेपर्यंत निघूनही जाते. चौथं गाणं ‘ड्रिफ्टिंग थ्रू मॉस अँड एन्शंट स्टोन’ निव्वळ अकूस्टिक गिटारचं आहे. ते गाळू नका, त्याच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही त्यानेच पचतं.

तक्रारी आहेतच. गाण्यांचे शेवट लांबतात. एखादं वळण चार फेऱ्यांत पटलेलं असताना आठ फेऱ्या होतात. आवाजाच्या थरांत कंठ मागे गेलेला आहे, शब्द कळायची आशा धरू नये. (या शैलीत तो दोष मानायचा की नाही, यावर भांडणं होतात. माझ्या मते इथे नाही.)

ऐकण्याची तयारी मात्र लागते. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे स्वर गळतात आणि वर उरतो तो नुसता गोंगाट. हेडफोन साधे चालतील, फाइल हलकी नको: 128 केबीपीएसच्या एमपी3मध्ये झांजा आणि ट्रेमोलो पिकिंग (एकच तार अतिवेगाने सतत छेडणं) एकमेकांत मिसळून पाण्याखालून आल्यासारखे वाटतात. 320 केबीपीएस किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) घ्या. कान दुखू लागले तर ट्रेबल (वरचे स्वर) सरसकट कमी करण्याऐवजी इक्वलायझरमध्ये 3 ते 4 किलोहर्ट्झ दोन डेसिबलने उतरवा. कान तिथेच सर्वांत तिखट असतो. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, चौथ्या गाण्यानंतर थांबलात तरी चालतं. शफल मात्र बंद.

आवडला तर मागे जाऊन 2012चा ‘सेंटिनेल’ ऐका, पुढे 2020चा ‘वाँडरर्स’. तो मेअर कॉग्निटम या दुसऱ्या एकांड्या प्रकल्पासोबतचा, ग्रहांवरचा आणि ‘थ्री’पेक्षाही लांब आहे.