ग्नोमचे कस्टम शॉर्टकट: सोय चोख, बिघाड मुका

ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर स्वतःचा कीबोर्ड शॉर्टकट बनवायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात ‘व्ह्यू अँड कस्टमाइझ शॉर्टकट्स’ आणि यादीच्या तळाशी ‘कस्टम शॉर्टकट्स’. नाव, कमांड आणि कळा असे तीन रकाने भरले की शॉर्टकट लगेच लागू होतो, लॉगआउटही करावं लागत नाही. ॲप उघडायला किंवा स्क्रिप्ट चालवायला याहून जास्त काही नको. खोट एकच, पण मोठी: शॉर्टकट चालला नाही तर पडद्यावर काहीच उमटत नाही. कळा पोचल्या नाहीत की कमांड आपटली, हे आपणच हुडकायचं.

म्हणून आधी कमांडच्या जागी तात्पुरतं ‘नोटिफाय-सेंड चालू’ लिहून बघा. सूचना आली तर कळा ठीक आहेत, दोष कमांडमध्ये आहे.

बहुतेकदा तो तिथेच निघतो, कारण ही कमांड शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या ओळींचा अर्थ लावणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्राममधून, जात नाही. ‘डेट >> ~/नोंद.टीएक्सटी’ ही ओळ टर्मिनलमध्ये बिनबोभाट चालते. शॉर्टकटमध्ये मात्र ते दोन बाण आणि फाइलचं नाव डेटला साधे शब्द म्हणूनच मिळतात. ते काही त्याला कळत नाही, तो एरर देऊन बंद पडतो आणि फाइल तयारच होत नाही. पाइप, दोन अँपरसँड, टिल्डे, डॉलर-होम या सगळ्यांची हीच गत. उपाय: सुरुवातीला ‘बॅश -सी’ लावून पुढची अख्खी ओळ एकेरी अवतरणात घाला. ओळ लांबली तर सरळ स्क्रिप्ट करा, पहिल्या ओळीत शेबँग (स्क्रिप्ट कोणी चालवायची ते सांगणारी ओळ) घाला, ‘सीएचमॉड +एक्स’ने चालवायची परवानगी द्या आणि रकान्यात स्लॅशपासून पूर्ण पाथ लिहा. बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी (पाथ व्हेरिएबल) वाढवली असेल, तर ती इथे मिळत नाही. एरर बघायचीच असेल तर टर्मिनलमध्ये सिस्टिमच्या नोंदी दाखवणारं ‘जर्नलसीटीएल -एफ’ चालू ठेवून शॉर्टकट दाबा.

सूचनाच आली नाही, तर त्या कळा आधीच कोणीतरी पकडलेल्या असतात. यादीतल्या शॉर्टकटशी टक्कर झाली तर सेटिंग्ज तसं सांगतं आणि बदलू का विचारतं. ग्नोम ४२ पासून प्रिंट स्क्रीनची कळ अंगच्या स्क्रीनशॉटकडे आहे. फ्लेमशॉट या वेगळ्या स्क्रीनशॉट ॲपला ती हवी असेल तर आधी तिथून मोकळी करा. यादीत न दिसणाऱ्या कळा मात्र डोकं खातात. सुपर+पी (सुपर म्हणजे विंडोज चिन्हाची कळ) हे त्याचं ठळक उदाहरण. ते मॉनिटर बदलण्यासाठी राखीव आहे आणि मटरच्या, म्हणजे ग्नोमच्या खिडक्या सांभाळणाऱ्या भागाच्या, कीबाइंडिंग्जमध्ये ‘स्विच-मॉनिटर’ या नावाने बसलंय. ग्नोमची आतली सेटिंग्ज डीकॉन्फमध्ये साठवलेली असतात; ती बदलणाऱ्या जीसेटिंग्ज कमांडने किंवा डीकॉन्फ एडिटरमधूनच ते काढता येतं. एफएन कळीच्या नादी लागू नका, बऱ्याच लॅपटॉपवर ती लिनक्सपर्यंत पोचतच नाही.

जुन्या स्क्रिप्टमध्ये खिडक्या आणि कळा हाताळणारं एक्सडूटूल किंवा डब्ल्यूएमसीटीएल असेल तर सेशन वेलँडचं आहे का ते तपासा. वेलँड आणि जुनं एक्स११ या पडद्यावर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती. कळा बरोबर, कमांडही बरोबर, तरी वेलँडच्या खिडक्यांवर परिणाम शून्य. ही साधनं एक्स११ साठीच आहेत. आणि एका कळीची दुसरी कळ करायची असेल तर कस्टम शॉर्टकट हे साधनच नव्हे. त्यासाठी कीडी हा कळा बदलणारा प्रोग्राम बसवा. ते डेस्कटॉपच्या खालच्या थरावर काम करतं, म्हणून वेलँड आणि एक्स११ दोन्हीकडे चालतं.

मराठी इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी सुपर+स्पेसला हात लावू नये, कीबोर्डचा लेआउट त्यानेच बदलतो. नवा शॉर्टकट नोंदवताना लेआउट इंग्रजीवर ठेवा.

नव्या मशीनवर हे सगळं न्यायचं तर ‘डीकॉन्फ डंप’ पुरतं, पण मीडिया-कीज या फोल्डरपासूनचा घ्या. कस्टम० सारख्या नोंदी वेगळ्या आणि त्यांची यादी वेगळी असते. नुसत्या नोंदी आणल्या आणि यादी राहिली, तर एकही शॉर्टकट चालत नाही.