लॉ सोसायटीचं ‘फाइंड अ सॉलिसिटर’ आठ महिने वापरल्यावर: सहा मिनिटांचा हिशेब आधी विचारून घ्या

परवा इंग्लंडमधल्या सॉलिसिटरचं, म्हणजे तिथल्या वकिलाचं, चौथं बिल आलं. त्यात एक ओळ होती, क्लायंटचा ईमेल वाचला, एक युनिट, 24 पौंड. तो ईमेल माझा. ‘थँक यू, कागद मिळाले’, एवढंच लिहिलं होतं त्यात. 24 पौंड म्हणजे आजच्या भावाने अडीच हजारांच्या वर, आणि हे पैसे आईचे आहेत. त्या रात्री झोप लागली नाही म्हणून आज सगळं लिहून काढतोय.

थोडक्यात सांगतो. थोरला भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, आपले गोव्याचे किती लोक तिथं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. चवथीला येणार होता, त्याच्या आधीच गेला. लग्न नाही, मृत्युपत्र नाही, मागे एक लहानसं घर. इंग्लंडच्या कायद्यात बायको-मुलं नसली की सगळं आईवडिलांना जातं, बाबा नाहीत म्हणजे आईला. आई 82 वर्षांची, फोंड्यात, तिचं मुखत्यारपत्र घेऊन मी. इथं असतं तर सब-रजिस्ट्रारकडे, म्हणजे आपल्या स्पेशल नोटरीकडे जाऊन डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते ठरवणारा दस्त, केलं असतं. तिकडे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मृत्युपत्र नसताना गेलेल्याची मालमत्ता हाताळायचा अधिकार देणारा कागद, काढावं लागतं आणि मग घर विकायचं. स्वतः अर्ज करता येतो, पण इथं बसून ते मला झेपणारं नव्हतं.

सॉलिसिटर शोधला तो तिथल्या लॉ सोसायटी या संस्थेच्या साइटवरून, ‘फाइंड अ सॉलिसिटर’ या पानावर. गाव टाका, कामाचा प्रकार टाका, सॉलिसिटर कुठली भाषा बोलतो तेही बघता येतं. शोधायला पैसे लागत नाहीत. शोधण्यापुरतं साधन चांगलंच आहे, त्यात शंका नाही. माझी चूक पुढे झाली. प्रोबेट (गेलेल्याच्या मालमत्तेचं वारसाचं काम) आणि घरविक्रीचे दर फर्मने स्वतःच्या साइटवर टाकलेच पाहिजेत असा तिथं डिसेंबर 2018 पासून नियम आहे, आणि मी ते पान उघडलंच नाही. तासाला 240 पौंड एवढं वाचलं आणि सही केली.

आता ते सहा मिनिटांचं. तिथं तासाचे दहा तुकडे करतात, एक तुकडा सहा मिनिटांचा, त्याला युनिट म्हणतात. मेल वाचायला वीस सेकंद लागले तरी युनिट पूर्ण धरतात. मला शंका आली की लगेच मेल टाकायची सवय, सकाळी एक, जेवल्यावर एक, आणि प्रत्येकाचं वेगळं युनिट लागत गेलं. त्यात आईच्या नावाचा घोळ. जन्माची नोंद पोर्तुगीज काळातली, माहेरचं नाव, स्पेलिंग त्यांच्या पद्धतीचं, आधारवर वेगळं, पासपोर्टवर आणखी वेगळं. गोव्यात हे घरोघरी आहे, दोन्ही नावं एकाच बाईची असं ॲफिडेव्हिट करून मोकळे होतो. तिकडे ते पहिल्या महिन्यातच पाठवलं, तरी तीच सर्टिफाइड कॉपी तीनदा मागितली, आणि तीनही वेळा मागितल्याचं बिल मलाच!

तिसऱ्या महिन्यात डोकं फिरलं आणि तक्रार कुठं करायची ते शोधलं. मला वाटायचं लॉ सोसायटी म्हणजे आपल्या बार कौन्सिलसारखी, तिनेच नोंदणी करायची आणि तिनेच कान पकडायचा. तसं नाही. सोसायटी सॉलिसिटर लोकांची प्रतिनिधी संस्था आहे, त्यांची बाजू मांडते, सरकारशी बोलते, कामाचे मार्गदर्शक कागद काढते. तक्रारी तिच्याकडे नाहीत. तेव्हा मी बायकोला म्हटलं, ही वकिलांची संस्था, आपल्याला हिचा काय उपयोग.

हे मत मी आता बदललंय. संस्था 1825 ची, सनद 1845 ची, आणि कितीतरी वर्षं वकिलांची बाजू मांडणं आणि वकिलांना शिस्त लावणं दोन्ही तिच्याच घरात होतं. 2004 मध्ये सर डेव्हिड क्लेमेंटी यांचा अहवाल आला, की ही दोन कामं वेगळी पाहिजेत, एकाच संस्थेत राहिली तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसणार नाही. मग 2007 चा कायदा आला. शिस्तीचं काम सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे, म्हणजे एसआरएकडे, आणि खराब सर्व्हिसच्या तक्रारी लीगल ओम्बुड्समनकडे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, ती 2010 पासून. म्हणजे सोसायटी तक्रार घेत नाही हे गिऱ्हाइकाच्याच भल्याचं आहे, हे मला वाचल्यावर कळलं.

आपल्याकडचं बघा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा म्हणजे वकिलांनी निवडून दिलेले वकील, आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 35 खाली तक्रारही त्यांच्याकडेच. ताकीद देतील, निलंबित करतील, नाव काढतील, पण बिल कमी करून देणं त्या कलमात नाही. आणि मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. मग बिलावर भांडायचं असेल तर साध्या माणसाने जायचं कुठं? इंग्लंडमध्ये ओम्बुड्समनला फी कमी करायला लावता येते, 50,000 पौंडांपर्यंत भरपाई सांगता येते, आणि गिऱ्हाइकाला त्याचा खर्च शून्य.

पद्धत अशी, आधी फर्मलाच लेखी तक्रार करायची आणि त्यांना आठ आठवडे द्यायचे. उत्तर पटलं नाही तर अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत ओम्बुड्समनकडे जायचं. पैशांची अफरातफर किंवा खोटेपणा असेल तर एसआरए. मी एकाच पानावर तारखा, युनिटं, तिन्ही वेळा मागितलेली कॉपी असं सगळं मांडलं. पाचव्या आठवड्यात उत्तर आलं, माफी मागून बिलातून नऊ युनिटं काढली, 216 पौंड. एवढं सरळ होईल असं खरंच वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी शंका वहीत लिहून ठेवतो आणि शनिवारी एकच मेल करतो.

सोसायटीबद्दल आणखी एक. घर विकताना तिचे छापील फॉर्म भरावे लागतात, टीए6 आणि टीए10. टीए6 मध्ये कुंपण कुणाचं, शेजाऱ्याशी वाद आहे का, पाणी शिरतं का. मी त्या घरात कधी राहिलो नाही, जे माहीत नाही तिथं ‘माहीत नाही’ लिहिलं आणि ते चाललं. टीए10 मध्ये घरातली एकेक वस्तू राहणार की नेणार ते विचारतात, पडदे, नळ, दिवे. भावाचा म्हापशाचा मित्र तिथंच राहतो, त्याने व्हिडिओ कॉलवर खोली-खोली दाखवली, आई बाजूला बसलेली. पुढच्या खोलीचे निळे पडदे इथूनच नेलेले, तिनेच शिवून दिलेले. ती म्हणाली, ते काढून आणायला सांग. त्या रकान्यात ‘नेणार’ लिहिलं.

आता पुन्हा असं काम करायचं झालं तर यादी सोसायटीच्या साइटवरूनच काढीन, नाव एसआरएच्या रजिस्टरवर तपासीन, आणि तीन फर्मना एकच प्रश्न विचारीन, फिक्स्ड फी किती आणि त्यात मेल धरले आहेत का. ज्यांच्या घरी असं प्रकरण आहे त्यांनी सही करायच्या आधी हे विचाराच.

चौथ्या बिलातल्या त्या 24 पौंडांबद्दल सोमवारी लेखी तक्रार केली आहे. आठ आठवडे कधी संपतात ते कॅलेंडरवर खूण करून ठेवलंय, उत्तर आलं की इथंच खाली लिहीन.