चातुर्मासातला कॅमेरा आणि पन्नास लिटरचं ड्राय कॅबिनेट

गोव्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्याने आधी चांगली लेन्स घ्यावी की ड्राय कॅबिनेट, म्हणजे कॅमेरा-लेन्स कोरड्या हवेत ठेवणारं विजेवरचं कपाट, असं मला कुणी विचारलं तर मी कॅबिनेट म्हणेन. आमच्या फोंड्यातले निम्मे फोटोग्राफर यावर हसतील. हसू देत. त्यांच्यातल्या काहींच्या लेन्स मी टॉर्च मारून पाहिल्या आहेत, आत बुरशी आहे.

आपलं पंचांगच बुरशीच्या बाजूचं आहे. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद, ते थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. ख्रिस्ती लग्नांची गर्दीही डिसेंबर-जानेवारीत आणि मग परदेशातली मंडळी सुट्टीवर येतात त्या मे महिन्यात. म्हणजे जून ते सप्टेंबर, जेव्हा गोव्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर टेकलेली असते, नेमका तेव्हाच आपला कॅमेरा बॅगेत पडून. अंधार, कोंडलेली हवा, आणि सीझनभर घाम प्यायलेला बॅगेचा फोम. बुरशीला आणखी काय हवं? तिचे बीजाणू हवेत असतातच, लेन्समध्येही शिरलेले असतात. आर्द्रता साठ-पासष्टच्या वर बराच काळ राहिली की ते रुजतात. वाढलेली बुरशी आम्ल सोडते आणि काचेवरचं कोटिंग खाते. लेन्स उघडून साफ करता येते, पण कोटिंगवर उमटलेली नक्षी जात नाही.

बाबांच्या काळी स्टुडिओत लाकडी कपाट होतं आणि त्यात पंधरा वॅटचा बल्ब दिवसरात्र जळायचा. उष्णतेने आतली आर्द्रता उतरायची. किती उतरायची ते कुणी मोजलं नाही, पण रोल आणि लेन्स टिकल्या. एलईडी बल्ब आले आणि ती युक्ती मेली, कारण एलईडी पुरेसा तापतच नाही. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणारेही भेटतात. उकडा असो की सुरय, तांदळाने लेन्सच्या रिंगमध्ये पीठ जातं आणि श्रावणापर्यंत डब्यात टोके होतात. ते नको.

माझं कॅबिनेट पन्नास लिटरचं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला भांडण नको. आतमध्ये पेल्टियर चिप आहे: वीज दिली की तिची एक बाजू गार पडते, आतल्या हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आणि मागच्या बाजूने बाहेर निघून जातं. कॉम्प्रेसर नाही, त्यामुळे आवाज नाही, आणि विजेच्या बिलात फरक जाणवत नाही. दुसऱ्या प्रकारात ओल शोषणारा पदार्थ असतो. तो भरला की यंत्र त्याला तापवून वाफ बाहेर सोडतं. थंड प्रदेशात पेल्टियर कमजोर पडतो म्हणून तिकडे दुसरा प्रकार बरा. आपल्याकडे तेवढी थंडी कधी पडणार?

काम चोख करतं. भर जुलैत बाहेर नव्वद आणि आत पंचेचाळीस, हे मी आर्द्रता मोजणारा वेगळा मीटर (हायग्रोमीटर) ठेवून पाहिलं आहे. वेगळा मीटर अशासाठी की दारावरच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता, आणि माझी शंका खरी निघाली. मीटर तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या बुचात स्वयंपाकाचं मीठ घ्यायचं, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, पाणी वर साचू द्यायचं नाही. ते बूच आणि छोटा हायग्रोमीटर एका घट्ट झिप पिशवीत रात्रभर ठेवायचे. सकाळी मीटरने ७५ दाखवलं तर तो खरा, नाहीतर फरक लिहून ठेवा. असा तपासलेला मीटर आत ठेवला तेव्हा कळलं की माझ्या कॅबिनेटचा आकडा खऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी सांगतो. म्हणून मी ४० वर लावतो, आत पंचेचाळीसच्या आसपास राहतं. ४० ते ५० ही ठीक जागा. काही जण जास्त शहाणपणा करून पंचवीसवर लावतात. मग रबराची ग्रिप आणि आतलं ग्रीस सुकत जातं.

पावसात माडाची झावळी तारेवर पडली की रात्रभर वीज नाही, हे आपल्याला नवीन नाही. दाराचं रबर चांगलं आहे, दार उघडलं नाही तर रात्र निघते. तरी मी आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुरचुंडी ठेवतो, केशरी रंगाची. ती हिरवी पडली की मंद आचेवर परतायची, पुन्हा केशरी होते. आईने त्यासाठी जुनी कढई वेगळी काढून दिली आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात दिसता कामा नये असं बजावलं. निळी जेल घेऊच नका, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं.

आता तक्रारी. ट्रे दोन आहेत, पण दोन्ही लावले तर ७०-२०० ची लांब लेन्स उभी राहत नाही. एक ट्रे काढावा लागतो आणि मग पन्नास लिटरचे तीस लिटर होतात. दारावरचा निळा दिवा बंद करायची सोयच नाही. एका खोलीत झोपणाऱ्यांनी चिकटपट्टी लावावी, मी लावली आहे. आणि सेवा! रबराचा एक कोपरा सुटला तेव्हा फोन केला, तर उत्तर आलं, “सर, पूर्ण युनिट कुरियर करा.” काचेच्या दाराचं कपाट घाटापलीकडे कुरियर करायचं, तेही पावसात. शेवटी फोंडा बाजारात फ्रीज दुरुस्त करणाऱ्याने चहा संपायच्या आत चिकटवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्या मुलीचं लग्न आहे, म्हणाला, तेव्हा बघू.

एक गैरसमजही काढून टाकतो. लेन्सवर बाष्प धरतं त्याचा या कपाटाशी संबंध नाही. सासष्टीतल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात नवरी तयार होत असते ती खोली एसीने गारठवलेली, आणि मे महिन्यात तिथून हिरवळीवर पाऊल टाकलं की लेन्स पांढरी. नवरीचा मामा हटकून ओरडतो, “अरे, पूस ना ती काच!” पुसून काय होणार? काच गार आहे तोवर पुन्हा धरणार. दुसरा कॅमेरा खोलीत न्यायचाच नाही, बाहेर मदतनिसाकडे ठेवायचा. एकच असेल तर खोलीतच झिप पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि बाहेर दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. बाष्प पिशवीवर धरतं.

मंगेशी, कवळे, म्हार्दोळ इकडच्या लग्नांत होमाजवळ तास-दीड तास बसावं लागतं. समिधा आणि तुपाच्या धुराचा जो चिकट थर काचेवर बसतो तो आणि बोटांचे ठसे हे बुरशीचं जेवण आहे. तसाच कॅमेरा कॅबिनेटमध्ये सारू नका, आधी पुसा. बॅग तर आत अजिबात नको. आणि कपाट आहे म्हणून चार महिने कुलूप लावून बसू नये. मी चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीचे फोटो काढायला सगळ्या लेन्स बाहेर काढतो, रिंगा फिरतात, शटर चालतं.

नवीन पोरांनी लगेच धावू नये. एक बॉडी आणि दोन लेन्स असतील तर रबराच्या झाकणाचा घट्ट डबा, जेल आणि छोटा मीटर पुरतो, खर्च काही शेकड्यांत. तिसरी लेन्स आणि दुसरी बॉडी आली की कॅबिनेट घ्या, तीस लिटरचं नव्हे, पन्नासचं. आणि दुकानात जाताना तुमची सगळ्यात लांब लेन्स बरोबर न्या, ट्रे लावून उभी राहते का ते तिथेच पाहा.