व्यसनमुक्ती समुपदेशनाचा कोर्स : नऊ महिने शिकून आणि सात महिने काम करून झाल्यावर

गेल्या महिन्याभरात चार-पाच जणींनी फोन करून विचारलं, "ताई, तो कोर्स करू का?" प्रत्येकीशी तासभर बोलण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती समुपदेशनाचा हा कोर्स नऊ महिन्यांचा आहे. सहा महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी ऑनलाइन वर्ग, पुढचे तीन महिने केंद्रात प्रत्यक्ष काम. फी २८,००० रुपये, दोन हप्त्यांत. तो संपून सात महिने झाले. सध्या मी बेळगावात एका केंद्रावर काम करते आणि खानापूरहून रोज ये-जा करते. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या त्यांना लेखी दिल्या आहेत.

त्याआधी अकरा वर्षं मी खानापुरात एका मेडिकलच्या काउंटरवर होते. महिन्यातून दोघी-तिघी तरी यायच्या, आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच म्हणायच्या, "दारू सोडवायची गोळी द्या की. त्यांना कळू न देता आमटीत घालते." चिठ्ठीशिवाय आम्ही देत नव्हतो. पण का देत नाही, हे त्या बाईला पटेल असं सांगायला मला येत नव्हतं. "डॉक्टरांना विचारा" म्हणून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची, आणि ती पदर सावरत निघून जायची. कोर्सला नाव घातलं ते या बायकांमुळे.

दुसऱ्याच महिन्यात त्याचं उत्तर मिळालं. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारू शरीरात मोडते तेव्हा मधल्या पायरीवर अॅसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि या गोळीमुळे ते पुढे मोडत नाही, साचत राहतं. गोळी पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, कधी जिवावरही बेततं. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून ती घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे, त्याने स्वतःहून घेतली पाहिजे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली पाहिजे. आता मी एवढंच सांगते, "अक्का, तुम्ही आमटीत घातली आणि ते बाहेर पिऊन आले, तर तुमच्याच हातून भलतंच होईल." बायका ऐकतात.

कोर्सचा सगळ्यात उपयोगी भाग मोजमापाचा. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. आठ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात. प्रश्न सोपे आहेत, पण त्यात 'एक ड्रिंक' म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमच्याकडे ग्लासात मोजून कोण पितो? इथे चालतं ते नव्वद मिलीचं पाकीट, कागदी टेट्रा, दात लावून कोपरा फाडायचा आणि उभ्या-उभ्या संपवायचं. पहिल्याच आठवड्यात एक गवंडीकाम करणारे काका म्हणाले, "जास्त नाही ओ बाई. दोनच पाकिटं. एक कामाआधी, एक सुटल्यावर." कागदावर मी 'दोन' लिहिलं आणि सुपरवायझर मॅडमनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ३० मिली म्हणजे एक ड्रिंक. नव्वदचं एक पाकीट म्हणजे तीन. दोन पाकिटं म्हणजे रोजचे सहा. त्या 'दोन'मुळे काका जवळजवळ सुरक्षित रकान्यात बसत होते. तेव्हापासून मी आधी विचारते, पाकीट कुठल्या आकाराचं, बाटली गोव्याची की इथली. जांबोटी, कणकुंबीकडचे लोक चोर्ला घाटातून आलेली गोव्याची स्वस्त बाटली पितात आणि तिथे मापाचा काही पत्ताच लागत नाही. तिथे "एक बाटली किती दिवस पुरते?" हा प्रश्न कामाला येतो. हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं.

दुसरा धडा, ज्यामुळे माझ्या दृष्टीने सगळी फी वसूल झाली. आमच्या भागात श्रावणात किंवा घरी गणपती बसले की पिणारे पुष्कळ जण एकदम दारू बंद करतात. घरचे खूश होतात. मागच्या गणपतीत, माझ्या कोर्सचा सातवा महिना चालू असताना, जांबोटीकडच्या एका गावातून शेजारणीच्या भावाचा फोन आला. त्यांचे काका, वय पन्नाशीचं, वीस वर्षं रोज पिणारे, चतुर्थीच्या आदल्या रात्रीपासून बंद. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, आणि भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ते उशीने भिंत पुसत होते. घरात चर्चा चालली होती की गणपतीचं काहीतरी चुकलं, देवऋषीला बोलवू या. मी विचारलं, "शेवटची कधी घेतली? तास मोजून सांगा." साठ तास झाले होते. दारू अचानक थांबली की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रमाची अवस्था, डेलिरियम ट्रेमेन्स. उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. मी म्हटलं, देवाचा काही कोप नाही, आधी १०८ लावा, आणि दवाखान्यात गेल्या गेल्या 'रोज पिणारे, साठ तास झाले' हे वाक्य सांगा. त्यांना भरती केलं, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि झटके थांबवणारी औषधं दिली. विसर्जनाआधी ते घरी आले. तेव्हापासून श्रावण लागायच्या आधी मी ओळखीच्या प्रत्येक घरात सांगते, बंद करायचीच आहे ना, मग डॉक्टरांना दाखवून करा.

आता बोलायच्या पद्धतीविषयी. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी मांडलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत आम्हाला दोन महिने शिकवली. समोरच्याला सुधारायची घाई आवरायची, त्याच्याच तोंडून त्याची कारणं यायला द्यायची, हा तिचा गाभा. वाचायला सोपं वाटतं. पण काउंटरवर अकरा वर्षं "हे घ्या, दिवसातून दोनदा" म्हणणाऱ्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं. सरावाच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी बारा मिनिटांत नऊ सल्ले दिले होते, मॅडमनी एकेक मोजून दाखवला. आता एक प्रश्न विचारून थांबते. "दारू सोडायची नाही म्हणता, ठीक आहे. मग इथपर्यंत का आलात?" यावर एक ड्रायव्हर बराच वेळ पायाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "पोरगी गाडीत बसंना झाल्या." त्या दिवशी त्यापुढे मी काही विचारलं नाही.

भाषेबद्दल मात्र मला मनापासून तक्रार आहे. साहित्य सगळं इंग्रजीत, शिकवणं हिंदी-इंग्रजीत, केंद्रातले कागद कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड मला वाचता-बोलता येतं, शाळेत होतं, त्यामुळे कागदांची अडचण आली नाही. आणि सीमाभागात काम करायचं तर कन्नड यायलाच हवं, नर्सशी, पोलिसांशी, तालुक्याच्या दवाखान्यात तेच लागतं. पण माणूस लाज वाटणारी गोष्ट आईच्या भाषेत बोलतो. पुस्तकातल्या 'चिंताविकारा'ला इथे "जीव घाबरतोय, छातीत धडधडतंय" म्हणतात. 'अवसाद' कोणी म्हणत नाही, "कशात मन लागंना, झोप लागंना" म्हणतात. 'पुनर्पतन' म्हणजे "परत चालू झालं". हे शब्द मी स्वतः वहीत गोळा केले. माझ्या मावसभावाला काही वर्षांपूर्वी मराठीतून उपचार व्हावेत म्हणून थेट पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं होतं. खानापूर, निपाणीच्या घरांना दर वेळी एवढं लांब जाणं परवडत नाही. म्हणूनच इथली माणसं शिकली पाहिजेत असं मला तळमळीने वाटतं.

निपाणीचा एक दिवस विसरता येत नाही. विडी कामगार बायकांचं शिबिर होतं. "कोणाला काही व्यसन?" विचारलं तर एकीनेही हात वर केला नाही. "मिसरी किती जणी लावता?" विचारल्यावर बहुतेक सगळे हात वर. दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती वेळाने, न लावल्यास डोकं दुखतं का, असं विचारत गेल्यावर एक आजी म्हणाल्या, "ह्याला तंबाखू म्हणायचं व्हय?" तंबाखू सोडण्याचा मोफत नंबर १८००-११-२३५६ त्या दिवशी फळ्यावर लिहिला आणि तो अजून माझ्या टेबलावरही आहे.

आता जे पटलं नाही ते. प्रत्यक्ष कामासाठी मला आधी ज्या खासगी केंद्रात पाठवलं, तिथे माणसांना न विचारता आणलेलं होतं, घरच्यांशी फोनवर बोलू देत नव्हते, आणि एकाच्या पायात साखळी मी डोळ्यांनी पाहिली. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात आणि साखळदंड घालायला स्पष्ट मनाई आहे. हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं, आणि त्याच संस्थेने मला तिथे पाठवलं होतं. मी चौथ्या दिवशी लेखी कळवून निघाले. दुसरी जागा मिळायला तीन आठवडे गेले. नंतरचं केंद्र चांगलं होतं. तिथल्या दहा आठवड्यांत मी ऑनलाइन सहा महिन्यांपेक्षा जास्त शिकले.

सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी माणसाशी नियमित बोलणं, जाहिरातीत 'दर आठवड्याला' होतं. पहिल्या महिन्यानंतर ते पंधरा दिवसांवर गेलं. नवख्या माणसाला हे झेपत नाही. चार महिने कोरडा राहिलेला एक मुलगा परत पिऊन आला तेव्हा मला आठवडाभर झोप नव्हती, सगळं माझ्यामुळे झालं असं वाटायचं. मॅडमशी बोलल्यावर कळलं की परत चालू होणं हा या आजाराचा भाग आहे, आणि तो परत दारात आला हेच मोठं आहे. असं सांगणारं माणूस हाताशी हवं.

आणि 'शंभर टक्के नोकरी' यावर विश्वास ठेवू नका. नोकरी मी स्वतः शोधली. पगार १३,००० रुपये. या प्रमाणपत्राने तुम्ही मानसशास्त्रज्ञ होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्याचं शिक्षण वेगळं. औषध आपण सांगायचं नाही. आपलं काम ऐकणं, मोजणं, घरच्यांना समजावणं, वेळेवर योग्य जागी पोचवणं आणि नंतर पाठपुरावा करणं. योग्य जागा कुठल्या, हेही शिकून घ्या : कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार तज्ज्ञ येतात, गंभीर रुग्णासाठी धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोणी फार खचलेलं दिसलं तर "मरून जावं असं मनात येतं का?" हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मला ते पहिल्यांदा उच्चारायला तीन दिवस लागले, आणि समोरच्या बाईने सुटकेचा श्वास टाकला.

माझ्या मते कोर्स करावा. पण फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात : प्रत्यक्ष कामाचे तास किती, केंद्राची कायद्याप्रमाणे नोंदणी आहे का, सुपरव्हिजन कोण आणि किती वेळा देणार, आणि मराठीतून सराव करायची मुभा आहे का. शेवटच्या प्रश्नावर कोणी हसलं तर दुसरीकडे बघा.

माझ्या वहीत 'ऑडिट'चे दहाही प्रश्न आपल्याकडच्या बोलीत लिहिलेले आहेत, पाकिटांच्या हिशोबासकट. मॅडमनी तपासून दिले आहेत. कोर्सला नाव घातलेल्या कोणालाही झेरॉक्स देईन. शनिवारी संध्याकाळी मी खानापुरात घरीच असते.