१५ बाय १५ चा हीट प्रेस: पावसाळा आणि गणपती काढल्यानंतर

पुण्यात धायरीला घराच्या मागच्या खोलीत मी टी-शर्ट आणि कॉफीचे मग छापून देते. गेल्या उन्हाळ्यात वरून मिटणारा १५ बाय १५ इंचाचा हीट प्रेस, म्हणजे तापलेल्या तव्याखाली दाबून छापायचं मशीन, घेतला. प्रिंटर एप्सनचा इंकटँक, आत सब्लिमेशनची शाई, म्हणजे आधी कागदावर छापून मग उष्णतेने कापडात उतरवायची. पावसाळा आणि गणपतीची गर्दी दोन्ही यावर निघाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मशीन घ्यावं का? घ्यावं. फक्त त्याच्या डिस्प्लेवरचा आकडा खरा धरू नये.

डिस्प्लेवर २०० दिसतं ते सेन्सरपाशी. इन्फ्रारेड थर्मामीटरने तवा तपासला, तर मधला भाग ठीक, पुढचा डावा कोपरा दहा-बारा अंशांनी थंड. पॉलिस्टरला साधारण १९५ ते २०५ अंश आणि ४५ ते ६० सेकंद लागतात. कोपरा मागे राहिला की तिथला काळा रंग तपकिरी पडतो. मी डिझाइन १३ इंचांच्या आत बसवते आणि गडद भाग त्या कोपऱ्यात येऊ देत नाही. या किमतीत तवा सगळीकडे सारखा तापेल अशी अपेक्षा मला तरी नाही.

खरं काम मात्र प्रेसच्या आधीचं. मंडळाची पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर लोगो पाठवतात, तो दाबून दाबून एवढा बारका झालेला असतो की छातीएवढा केला की कडा फाटतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायची, छापायच्या मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं. श्रीलिपीतलं (वेगळ्या फाँटचं मराठी सॉफ्टवेअर) मॅटर असेल तर ज्याने केलंय त्यालाच कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून द्यायला सांगायचं, नाहीतर इकडे उघडल्यावर जोडाक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी येतं. आणि मिरर: कागदावर डिझाइन आरशातल्यासारखं उलटं छापायचं, म्हणजे कापडावर सुलटं येतं. देवनागरीत शिरोरेषा उलटल्यावरही वरच राहते, त्यामुळे घाईत नजर फसते. मी कागदावर एखादा ‘क’ किंवा ‘श’ नीट बघूनच पुढे जाते. गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळा. उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती थोडी पसरतेच, त्यात अनुस्वार आणि रफार आधी बुजतात.

कागदावर प्रिंट मरगळलेला दिसतो. तसाच दिसायचा, दाबल्यावर तो खुलतो. म्हणून स्क्रीनवर रंग भडक करत बसू नका. शाईसोबत आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल) मिळते ती लावा आणि प्रिंटरची स्वतःची रंगदुरुस्ती बंद ठेवा, नाहीतर दोघं मिळून रंगाचा खेळखंडोबा करतात. भगव्याने मला सर्वात जास्त छळलं. कधी गुलाबीकडे, कधी थेट आंब्याच्या रसासारखा. आता त्याच कापडाच्या पट्टीवर भगव्याच्या छटा नंबर घालून छापल्या आहेत. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करायला लागलं की मी पट्टी पुढे करते: “यातला नंबर सांगा.”

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि प्रिंटवर ठिपके येतात. कागद झिपच्या पिशवीत ठेवायचा, आणि डिझाइन लावण्याआधी नुसता टी-शर्ट पाच-दहा सेकंद दाबायचा. वाफ निघताना दिसते. त्यावर लिंट रोलर फिरवायचा; निळ्या धाग्याचा एक तुकडा राहिला तर पांढऱ्यावर तो कायमचा उमटतो. कागद हीट टेपने पक्का करा, कारण हा प्रेस उघडताना झटका देतो आणि कागद जरा सरकला की अक्षरांना सावली पडते. कागदाच्या कडेची चौकट कापडावर उमटत असेल तर दाब कमी करा आणि कडा हाताने फाडून घ्या, सरळ कापू नका.

ढोल पथकवाल्यांचं ठरलेलं: “ताई, काळ्या टी-शर्टवर पांढरं येईल ना?” नाही येणार. या शाईत पांढरा रंगच नसतो, पांढरं म्हणजे मूळ कापड. सुतीवरही रंग टिकत नाही, एक-दोन धुण्यांत उतरतो. अशी कामं मी डीटीएफवाल्याकडे (फिल्मवर छापून कापडावर चिकटवणाऱ्याकडे) पाठवते, वाद घालत नाही.

घेताना विजेचा विचार करा. याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो, घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा विचारही नको. आमच्याकडे गुरुवारी वीज गेली की काम ठप्प. कॉफीच्या मगांसाठी वेगळा मग प्रेस घ्या. एकाच मशीनला टोपी, ताटली, मग असे सगळे जोड असलेलं पाच-इन-वन मी एका मैत्रिणीकडे पाहिलं, तिथे जोड बदलण्यातच दुपार जाते.

खालचा सिलिकॉनचा गादीपॅड माझ्याकडे मधोमध दबला. विक्रेत्याने आधी गोड बोलून नंतर फोन उचलणं बंद केलं, शेवटी पॅड बाहेरून आणून मीच बसवला. टेफ्लॉन शीट मात्र सोबत आलेली अजून चालतेय; तिला शाई लागू नये म्हणून मध्ये नेहमी बटर पेपर घालते.