मेरी रॉबिन्सनवरची डब्लिन वॉकिंग टूर: चांगली आहे पण कोर्टापाशी घाई केली

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोडी तक्रार आहे. टूर तीन तासांची, ग्रुप नऊ जणांचा, सुरुवात ट्रिनिटी कॉलेजच्या गेटपासून. गाईड बाई मस्त बोलतात. रॉबिन्सन बाई, म्हणजे आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, मूळच्या मेयो काउंटीतल्या बॅलिनाच्या, घरचे कॅथलिक, आणि तेव्हा कॅथलिक मुलांना ट्रिनिटीत शिकायचं तर आर्चबिशपची परवानगी लागायची, ती काढून त्या आल्या आणि 1969 ला पंचविसाव्या वर्षी तिथेच कायद्याच्या प्रोफेसर झाल्या, वर त्याच वर्षी सेनेटरपण. हे ऐकून मी आपल्या पंचविशीचा विचार केला आणि गप्प बसलो.

लेन्स्टर हाऊसपाशी, म्हणजे आयर्लंडच्या संसदेपाशी, पाच मिनिटं, ठीक आहे, बाहेरूनच बघायचं असतं. पुढे लिफी नदीकाठी फोर कोर्ट्स, म्हणजे मुख्य कोर्टांची इमारत, आणि इथे घोळ झाला. गाईड बाई म्हणाल्या 'इथे त्या वकिली करायच्या', फोटो काढा, चला. अहो, खरी गोष्ट तर इथेच आहे ना! ज्युरीत बायका जवळजवळ नसायच्याच, स्वतःहून अर्ज केला तरच नाव यायचं, त्याविरुद्धची केस लढणाऱ्या वकिलांत या होत्या. कॉर्कच्या एका बाईला दारुड्या नवऱ्यापासून कायदेशीर वेगळं व्हायचं होतं पण वकिलाला द्यायला पैसे नव्हते, ती केस यांनी युरोपच्या मानवी हक्क कोर्टात नेली आणि 1979 ला जिंकली. आणि डेव्हिड नॉरिसची केस, समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्धची, इथल्या सुप्रीम कोर्टात 1983 ला हरले, स्ट्रासबर्गला, त्याच युरोपच्या कोर्टात, 1988 ला जिंकले. तो कायदा बदलला 1993 मध्ये आणि त्या बिलावर सही कोणाची, तर राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांची! वकील म्हणून भांडलेल्या केसचा शेवट स्वतःच्या पेनाने. ही गोष्ट मी आधी वाचली होती म्हणून मला माहीत, बाकी आठ जण काही न कळता लुआस ट्राममध्ये चढले.

1990 ची निवडणूक मात्र झकास सांगितली, ते मान्य. पहिल्या पसंतीच्या मतांत विरोधी उमेदवार लेनिहन पुढे होते, 44 टक्के, या 39 च्या आसपास, मग बाद झालेल्या तिसऱ्या उमेदवाराची, करींची, मतं मतदारांच्या पुढच्या पसंतीप्रमाणे वळवली आणि या निवडून आल्या, आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. ट्रान्सफरचं गणित एवढं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं, इथे राहून इतकी वर्षं झाली तरी.

शेवट फिनिक्स पार्कात. ह्यूस्टन स्टेशनपासून बरंच चालावं लागतं, हे बुकिंग करताना सांगितलं नव्हतं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी विचारून घ्या. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा, परदेशी गेलेल्या आयरिश लोकांसाठी त्यांनी ठेवलेला. मी स्वतः घर सोडून आलेला माणूस, जरा घशाशी आलं, उगाच खोटं कशाला बोलू.

पाचपैकी साडेतीन. जायचं असेल तर हिवाळ्यात दुपारची बॅच घ्या, पार्कात पोचेपर्यंत अंधार पडतो, उन्हाळ्यात तो दिवा लांबून काही समजत नाही.